दहाची नोट

यंदाची दिवाळी साधेपणाने साजरी करायची, असा ठराव आमच्या घरी दरवर्षी नवरात्र उठले की एकमताने संमत होतो. ठराव मी मांडतो, पत्नी त्याला अनुमोदन देते आणि नातवंडे मौन पाळतात. मौन हे संमतीचे लक्षण आहे असे म्हणतात. पण असे म्हणणाऱ्याच्या घरी मुले नसावीत.

कोजागिरीपर्यंत ठराव जसाच्या तसा टिकतो. मग त्याला पहिली उपसूचना येते. दिवाणखान्यातील पडदे फार विटले आहेत; ते काही दिवाळीसाठी घ्यायचे नव्हेत, एरवीही घ्यावेच लागले असते; ते दिवाळीच्या सुमारास आले, तर तो निव्वळ योगायोग समजावा. दुसरी उपसूचना सोन्याविषयी असते. सोने घ्यायचे नाही, हे ठरलेलेच असते. धनत्रयोदशीला सराफाकडे जाऊन फक्त भाव विचारायचा असतो. तिसरी उपसूचना लाजत लाजत मीच मांडतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली आपल्या ‘मासिक मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एका पदार्थाची कायमची भर घातली. आता, चकलीवाचून दिवाळी एक वेळ होईल, पण दिवाळी अंकावाचून कशी होणार? तेव्हा दोन अंक घ्यायचे ठरते आणि पाच घरी येतात. अशा रीतीने वसुबारसेच्या दिवशी मूळ ठरावापैकी ‘यंदाची दिवाळी’ एवढेच दोन शब्द शिल्लक राहतात.

मला नेहमी वाटते की, आपल्या सणांत लक्ष्मीपूजनाइतका मिस्कील सण दुसरा नसेल. महिनाभर हात सैल सोडून आपण लक्ष्मीला दाराबाहेर काढतो. ती पार कोपऱ्यापर्यंत गेली की दिवे लावून, रांगोळी घालून, तांदळाच्या पिठाने तिची पावले रेखून तिला परत बोलावतो. पावले दारातून आत येणारी काढायची असतात, हे आम्हा मुलांना आई दरवर्षी बजावून सांगत असे. एकदा माझ्या हातून ती उलटी, म्हणजे बाहेर जाणारी, निघाली. आई रागावली, पण अण्णा हिशेबाच्या वहीतून मान वर करून म्हणाले, “राहू दे. निदान खरे तरी आहे!”

आमचे वडील, म्हणजे अण्णा, पुण्यात एका कचेरीत कारकून होते. नारायण पेठेतील एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. रोज रात्री जेवणे झाली की अण्णा भिंतीला टेकून बसत, गुडघ्यावर वही ठेवत आणि दिवसाचा जमाखर्च लिहीत. जमेची बाजू महिन्यातून एकदा लिहावी लागे; खर्चाची बाजू रोज. शेवटी शिल्लक काढायची आणि ती डब्यातील पैशांशी ताडून पाहायची. एका पैशाचा जरी फरक पडला, तरी तो सापडेपर्यंत दिवा मालवला जात नसे.

त्या काळी फरक पडायला निमित्तही भरपूर होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले होते. पण लोकांच्या तोंडातून आणे काही गेले नव्हते. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे एका आण्याचे सव्वासहा पैसे व्हायला हवेत. पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? म्हणून एका आण्याचे सहा पैसे मिळत. पावली मोडली तर तिचे पंचवीस पैसे येत. पण तेच चार सुटे आणे एकेक करून मोडले, तर चोविसच हाती पडत. हा एक पैसा जातो कोठे, याचा शोध अण्णा कितीतरी दिवस घेत होते. “देशातील सगळ्या घरांतून असा एकेक पैसा नाहीसा होत असेल,” ते म्हणत, “तर कोठेतरी त्यांचा केवढा ढीग साचला असेल!”

अशा घरात दिवाळी कशी साजरी होत असेल, असे तुम्हांला वाटेल. ती थाटात होत असे, आणि तिचे सारे श्रेय दहा रुपयांच्या एका नोटेला होते.

ही नोट अण्णा पगाराच्या दिवशी कोरी पाहून बाजूला काढून ठेवीत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती पाटावर, लाह्या-बत्ताशांच्या शेजारी, हळदकुंकू लावून घेऊन बसे. दुसऱ्या दिवशी पाडवा. आई अण्णांना ओवाळी. अण्णा तीच नोट खिशातून काढून तबकात घालीत. तिसऱ्या दिवशी भाऊबीज. आदल्या रात्री आई ती नोट माझ्या हाती देई. सकाळी ताई मला ओवाळी आणि मी ती ऐटीने तिच्या तबकात टाकी. संध्याकाळी ताई “ठेवून दे गं” म्हणून ती आईकडे देई आणि रात्री आई ती अण्णांच्या स्वाधीन करी. अण्णा वहीत लिहीत : ‘ओवाळणी दिली, रु. १०. ओवाळणी परत, रु. १०.’ मग ती नोट महिनाअखेरच्या वाण्याच्या उधारीसाठी डब्यात जाऊन पडे. पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकात मी वाचले की, तोच पैसा जितक्या वेगाने हातोहाती फिरेल, तितके अधिक व्यवहार तो पार पाडतो. त्याला पैशाचा भ्रमणवेग म्हणतात. मला ते समजावून घ्यायला मुळीच कष्ट पडले नाहीत. आमच्या नोटेने अठ्ठेचाळीस तासांत एक पूजा आणि दोन ओवाळण्या पार पाडून पुन्हा घर गाठलेले मी डोळ्यांनी पाहिले होते.

पैशाचेच कशाला, फराळाचेही तेच. आमच्या घरून निघालेले ताट शेजारी जाई, तेथून थोडी भर पडून माडीवर जाई आणि चार बिऱ्हाडे फिरून आले की त्यात आमचीच एखादी करंजी आम्हांला ओळखू येई. तिच्या कडेची मुरड आईच्या हातची असे. प्रवासात ती थोडी मऊ पडलेली असे, इतकेच.

ओवाळणीचा हा फेरा आम्हा सर्वांना ठाऊक होता आणि त्यामुळे कोणाचाही हिरमोड होत नसे. उलट त्याचा एक खेळच झाला होता. मी नोट घडी घालून तबकात ठेवली की ताई ती मुठीत घेई, मूठ उंच धरी, नोट हलकेच उलगडून पाही आणि जणू काही प्रथमच पाहत आहे अशा आश्चर्याने लिलावातल्यासारखी ओरडे, “दहा!” सगळे घर हसे. अण्णा सर्वांत मोठ्याने हसत. आपल्या गरिबीवर घरच्या घरी, दार लावून, एकत्र हसता येणे हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंतीच होती, हे आता कळते.

आणि मग १९६१ साल उजाडले.

त्या वर्षी १२ जुलैला सकाळी पानशेतचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठा नदी पुण्याच्या पेठांतून वाहू लागली. आम्ही हाती लागेल ते उचलून वरच्या पेठेत एका नातलगांकडे पळालो. परत आलो, तेव्हा वाडा उभा होता, एवढीच देवाची कृपा. आमच्या खोल्यांत चिखलाचा थर बसला होता. भांडी त्यात रुतून बसली होती. अंथरुणे, धान्य, आमची पुस्तके, सगळ्यांचा एकच लगदा झाला होता. अण्णांच्या वर्षानुवर्षांच्या वह्या कपाटाच्या तळाशी होत्या. त्यांनी एक वही उचलली. तिची पाने एकमेकांना चिकटून वीट झाली होती. ती त्यांनी थोडा वेळ हातात धरली आणि म्हणाले, “चला, आजवरचा सगळा खर्च माफ झाला!” आई हसली नाही. अण्णाही हसले नाहीत.

ताई त्या वर्षी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होती. मागल्या वर्षी वर्गात पहिली आली म्हणून तिला एक शाईचे पेन मिळाले होते. तेही पुरात गेले. पुस्तके तिला कोणी कोणी जुनी दिली. पण पेन कोण देणार? ती टाक आणि दौत घेऊन लिहू लागली. मोठ्या मुलींच्या वर्गात टाकाने लिहिणारी बहुधा ती एकटीच असावी. रात्री त्या टाकाचा कागदावर करकर आवाज होई. कोणी दिलेला खाऊचा पैसा ती एका पत्र्याच्या डबीत टाकी. ती डबी कशासाठी आहे, हे मला ठाऊक होते. हे येथे मुद्दाम सांगून ठेवतो. कारण पुढे जे घडले ते मी अजाणता केले, असे कोणी म्हणू नये.

नोव्हेंबरात दिवाळी आली. आम्हा मुलांना तिची चाहूल लागली ती किल्ल्यामुळे. इतर वर्षी किल्ल्यासाठी माती मिळवायला दूरवर हिंडावे लागे. त्या वर्षी नदीने ती दारात आणून टाकली होती. वाड्यातील सर्व मुलांनी मिळून पुराच्या गाळाचा एवढा मोठा किल्ला केला की, तसा पुन्हा कधी झाला नाही. फराळाचे मात्र दोनच पदार्थ झाले. नवे कपडे नव्हते. फटाक्यांचे म्हणून लवंगीचे एक पुडके होते. त्याची माळ सोडवून मी एकेक लवंगी वेगळी वाजवीत होतो, म्हणजे आवाज थोडा, पण दिवाळी लांब चाले. लक्ष्मीपूजनाला अण्णांनी नवी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर श्री लिहिले आणि ती पाटावर त्या दहाच्या नोटेशेजारी ठेवली. पूर येवो, काही होवो, नोट आपल्या कामावर हजर होती.

पाडव्याच्या रात्री आईने ती माझ्या हातात दिली. “उद्या ताईच्या तबकात घालायची. सांभाळून ठेव,” ती म्हणाली. मी ती सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि अंगणात गेलो.

अंगणात माडीवरच्या बिऱ्हाडातील मुलगा भुईनळे लावीत होता. सोनेरी झाड उगवावे तसा एकेक नळा फुलत होता आणि त्याच्या उजेडात सगळ्यांची तोंडे उजळत होती. “तुझे संपले का रे?” त्याने विचारले. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. पण ती मला लागली. माझ्या मुठीत तीन लवंग्या होत्या.

मी दहा वर्षांचा होतो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात जो युक्तिवाद चालला, तो एखाद्या नाणावलेल्या वकिलालाही सुचला नसता. ही नोट माझी नाही, कारण मी ती उद्या ताईला देणार. ताईची नाही, कारण ती आईला देणार. आईची नाही, कारण ती अण्णांना देणार. आणि अण्णांनी तर ती पाडव्यालाच देऊन टाकली. तेव्हा ही नोट कोणाचीच नाही. मग कोणाच्याच नसलेल्या नोटेतून थोडे पैसे घेतले, तर कोणाचे काय जाते? पुढल्या आयुष्यात मी बरीच मोठी माणसे पाहिली. सार्वजनिक पैशाला हात घालताना ती जे म्हणतात, ते ऐकून मला प्रत्येक वेळी नारायण पेठेतील ते अंगण आठवले आहे.

कोपऱ्यावरचे दुकान उघडे होते. दोन रुपये आणि तीन पावल्या, म्हणजे एकूण पावणेतीन रुपयांचे भुईनळे आणि मोठे फटाके मी घेतले. दुकानदाराने नोट उजेडापुढे धरून पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि सव्वासात रुपये माझ्या हातावर ठेवले. फटाके उडवायला दहा मिनिटे लागली. ती दहा मिनिटे फार सुंदर होती, हे मी नाकारणार नाही. नंतर अंगणात नुसता धूर उरला आणि माझ्या खिशात एकेक रुपयाच्या सात नोटा आणि एक पावली.

रात्रभर मला झोप आली नाही. सात नोटांची बारीक घडी घातली, तर ती दहाच्या एका नोटेएवढी दिसते का, याचे प्रयोग मी पांघरुणाखाली करीत होतो. ती जाडच दिसत होती.

सकाळी पाट मांडला गेला. रांगोळी निघाली. ताईने मला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, निरांजनाचे तबक माझ्याभोवती फिरवले. मी ती घडी तबकात ठेवली. ताईने ती उचलून मुठीत घेतली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की तिला ते बोटांनाच समजले. तिने मूठ उंच केली. उलगडली मात्र नाही. एकदा माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता, तर मला बरे वाटले असते. मग ती नेहमीसारखीच, कदाचित थोडी अधिकच मोठ्याने ओरडली, “दहा!”

सगळे घर हसले. अण्णा सर्वांत मोठ्याने हसले.

संध्याकाळी तिने आईच्या ओंजळीत पैसे ठेवले. पूर्ण दहा होते. काही नोटा आणि काही नाणी. मी दाराआडून पाहत होतो. “नोटेचे सुटे कसे झाले?” आईने विचारले.

“मीच मोडून घेतली, आई,” ताई म्हणाली. “वाण्याला द्यायला सुटेच बरे.”

आईने एकदा पैशांकडे पाहिले, एकदा दाराकडे पाहिले. “बरे केलेस,” एवढेच ती म्हणाली.

त्या रात्री मी गुपचूप ती पत्र्याची डबी हलवून पाहिली. तिच्यातून आवाज आला नाही.

मी कबुली दिली नाही. रोज रात्री टाकाचा करकर आवाज सुरू झाला की, उद्या सांगू, असे मी ठरवी आणि उद्या आला की पुन्हा रात्रीची वाट पाही. ताईने मला एका शब्दाने विचारले नाही. पुढे जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, तिच्या हाती एक नवे पेन दिसले. तिने पुन्हा पैसे साठवले असतील, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली आणि माझा जीव भांड्यात पडला. ताई चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. हळूहळू मीही ती गोष्ट विसरलो, म्हणजे विसरल्यासारखे करू लागलो.

एक गोष्ट मात्र विसरता आली नाही. पुढल्या वर्षीच्या पाडव्याच्या रात्री आईने दहाची नोट पुन्हा माझ्याच हातात दिली, आणि त्याच शब्दांत म्हणाली, “सांभाळून ठेव.” मी ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मूर्तीखाली ठेवली आणि दर तासाला जाऊन पाहून आलो. मला शिक्षा झाली असती, तर ती भोगून मी मोकळा झालो असतो. आईने मला मोकळे होऊ दिले नाही. तिने माझ्यावर विश्वास टाकला.

अण्णा १९८८ साली वारले. त्यांच्या कपाटात वह्यांची चवड होती. पुरापूर्वीच्या वह्या गेल्या होत्या, त्यामुळे सर्वांत खालची, सर्वांत जुनी वही १९६१च्या लक्ष्मीपूजनाला आरंभ केलेली होती. मी ती उघडली. भाऊबीजेच्या तारखेखाली अण्णांच्या टपोऱ्या अक्षरांत तीन ओळी होत्या :

‘ओवाळणी परत, रु. १०-००, सुटे.
चिरंजिवांचे फटाके, रु. २-७५.
मुलीकडून हातउसने, रु. २-७५.’

मी कितीतरी वेळ त्या ओळींकडे पाहत राहिलो. कोपऱ्यावरचा दुकानदार अण्णांच्या ओळखीचा होता, हे मला त्या वेळी सुचलेच नव्हते. म्हणजे त्यांना सर्व काही ठाऊक होते. ज्या माणसाला एका पैशाचा फरक पडला तरी झोप येत नसे, त्याने पावणेतीन रुपयांचा फरक शोधून काढला होता, तो योग्य त्या खात्यावर मांडला होता आणि मग शांतपणे दिवा मालवला होता.

मी पाने उलटली. जानेवारीत संक्रांतीच्या आधी दोन दिवस एक नोंद होती : ‘मुलीस फेड, शाईचे पेन, रु. ३-५०. पैकी मुद्दल २-७५, व्याज ०-७५.’ नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन्ही महिन्यांच्या आरंभी, करावयाच्या खर्चांच्या यादीत, ‘वहाणांस तळ’ असे लिहिलेले होते आणि त्यावर रेघ मारलेली होती. जानेवारीच्या यादीतही ते होते. तेथेही रेघ होती.

मला ते दिवस आठवले. अण्णा घरी आल्यावर पायरीवर बसून बराच वेळ तळपाय चोळीत असत. चालून चालून दुखतात, असे ते म्हणत.

त्या वहीत माझ्या नावावरचे पावणेतीन रुपये पुढे कोठेच जमा दाखवलेले नाहीत. अण्णांनी ते बुडीत खात्यातही टाकलेले नाहीत. ते नुसते मांडून ठेवले आहेत.

आता काळ बदलला. ज्या पावलीने मी त्या रात्री भुईनळे घेतले, ती ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. ताई ऐंशीच्या घरात आहे आणि कोल्हापुरास मुलाकडे राहते. मी दर भाऊबीजेला तिच्याकडे जातो. २०१६ साली भाऊबीज १ नोव्हेंबरला होती. त्या दिवशी मी तिच्या तबकात पाचशे रुपयांची कोरी नोट घातली. आणि एकच आठवडा लोटला असेल, ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा दूरध्वनी आला. “काय रे,” ती म्हणाली, “एकसष्ट साली तू ओवाळणी मोडून दिलीस आणि यंदा अशी दिलीस की ती मोडतच नाही! तेव्हा मला व्याजासकट परत मिळाली होती. आता बँकेच्या रांगेत उभी राहू का?”

पंचावन्न वर्षांत त्या गोष्टीचा उल्लेख तिने प्रथमच केला होता. मला हसूही आले आणि घसाही दाटून आला. मी म्हणालो, “ताई, ते पावणेतीन रुपये अजून माझ्याकडे येणे आहेत. या खेपेस घेऊनच टाक.”

“नको,” ती म्हणाली. “ते राहू देत. ते फिटले, तर तू भाऊबीजेला येशील कशाला?”

अलीकडे तिची नातवंडे मला म्हणतात, “आजोबा, एवढ्या लांब कशाला येता? फोनवरून पाठवा ना! आजीच्या खात्यात लगेच जमा होतील.” ते खरे आहे. पैसे पाठवण्याची ही सोय मी रोज भाजीवाल्याकडे वापरतो. तिच्यात सुट्या पैशांची कटकट नाही आणि चार आण्यांत एक पैसा हरवतही नाही. आमच्या अण्णांना ती फार आवडली असती. पण त्या सोयीत एक उणीव आहे. तिच्यात मूठ झाकता येत नाही. किती आले, ते यंत्र लागलीच सर्वांना सांगून मोकळे होते. आणि झाकल्या मुठीने, धाकट्या भावाकडे एकदा पाहून, सव्वासाताचे दहा म्हणण्याची कला यंत्राला अजून साधलेली नाही.

म्हणून मी जातो. तबकात मी काय घालतो, याला आता महत्त्व राहिलेले नाही. ताईचा हात थोडा कापतो. ती पाकीट मुठीत धरते, मूठ जमेल तितकी उंच करते आणि त्याच सुरात म्हणते, “दहा!” आम्ही दोघे हसतो. नातवंडे एकमेकांकडे पाहतात. पाकिटात दहापेक्षा पुष्कळ जास्त असतात, हे त्यांना दिसत असते. आजीला नीट दिसत नसावे, असे त्यांना वाटते.

यंदाही आमच्या घरी ठराव झाला आहे. दिवाळी साधेपणाने साजरी करायची. पडद्यांची उपसूचना आली आहे. सोन्याचा भाव विचारायला जायचे आहे. दिवाळी अंक दोनच घ्यायचे आहेत. कोल्हापूरच्या गाडीचे तिकीट मात्र मी आधीच काढून ठेवले आहे, आणि ते साधेपणात बसते की नाही, याची चर्चा मी कोणालाही करू देत नाही. तो खर्च नव्हे, जुन्या कर्जाचे व्याज आहे. मुद्दल फेडण्याचा माझा मुळीच विचार नाही.